सर, कॉलेज सोडू का?

नंदुरबार जिल्ह्यात खेळ शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला पोरं मुख्यतः दोन गोष्टी विचारतात. बूट कुठून घेऊ, ही एक. कॉलेज सोडू का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर मी झोपेतही देईन. दुसरी आली की आधी मीच विचारायला लागतो. घरी जमीन किती? थोरला भाऊ काय करतो? बारावीला किती टक्के होते? बोलावणं आलंय ते कुणाचं, आणि ते कागदावर आलंय की फोनवर?

मी सुरुवातीला आश्रमशाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षक होतो, नंतर कॉलेजात आलो. आमचा जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा निघाला. माझ्या पहिल्या संघातली पोरं साधारण त्याच सुमारास जन्मलेली. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यातली शंभरातली एकोणसत्तर माणसं अनुसूचित जमातींची निघाली. माझ्या संघात शंभरातली शंभर. प्रकल्पस्तर, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा होतात, त्यात ही पोरं पहिल्यांदा गावाबाहेर खेळायला निघतात. पुष्कळांचा पहिला लांबचा प्रवास तोच असतो. त्यानंतर ती चांगली खेळायला लागली की कुणाच्या ना कुणाच्या नजरेत भरतात, आणि मग तो दुसरा प्रश्न येतो.

अमेरिकेत या प्रश्नावर वर्तमानपत्रांची पानं भरतात. तिकडे तो बास्केटबॉलपटूंचा आहे. कोबे ब्रायंट 1996 साली आणि लेब्रॉन जेम्स 2003 साली शाळेतून थेट एनबीएत गेले. पुढे एनबीएने नियम केला की निवडीच्या वर्षात वयाची एकोणीस पूर्ण हवीत आणि शाळा संपून एक वर्ष गेलेलं हवं. तेव्हापासून तिकडची गुणी पोरं कॉलेजात एक वर्ष काढून निघून जातात. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता यायला लागलं, तेव्हा काहीजण थांबायलाही लागले. आपल्याकडचा सतनाम सिंग, पंजाबातल्या बल्लोके गावचा, कॉलेजची पायरी न चढता 2015 साली डॅलस मॅव्हरिक्सकडून निवडला गेला. बावन्नावा क्रमांक, एनबीएच्या निवडीत आलेला पहिला भारतीय. केवढा गाजावाजा झाला होता! एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो करमणुकीच्या कुस्तीत गेला.

आमच्याकडे बास्केटबॉलचे खांब असतात. रिंगला जाळी नसते आणि खांबाला व्हॉलीबॉलची दोरी बांधलेली असते. आमचा खेळ कबड्डी, त्याखालोखाल खो-खो आणि धावणं. अमेरिकेतल्या पोरासमोर एक दार असतं, कॉलेज इकडे आणि एनबीए तिकडे. आमच्या पोरासमोर पाच-सहा असतात आणि कुठल्या दारामागे काय आहे ते कुणीच नीट सांगत नाही. खासगी अकॅडमी. मुंबईतल्या एखाद्या कंपनीचा संघ. लीगची ट्रायल. पोलीस. सैन्य. आणि गुजरातच्या हद्दीपर्यंत पसरलेली रोख बक्षिसांची कबड्डी, जिथे शनिवारी रात्री खेळून रविवारी पैसे हातात पडतात.

शहादा तालुक्यातला एक पोरगा होता. एफ.वाय.बी.ए.ला, चढाईपटू, बोनस काढण्यात पटाईत. आंतरविभागीय स्पर्धेत एका खासगी अकॅडमीच्या माणसाने त्याला हेरलं. बाहेरच्या राज्यातली अकॅडमी. राहायचं, खायचं, सकाळ-संध्याकाळ मॅटवर सराव, आणि हंगामाच्या आधी लीगच्या संघाची ट्रायल मिळवून देऊ, असा शब्द. अट एकच, वर्षभर तिथंच राहायचं, म्हणजे कॉलेज बंद. पोरगा हवेत होता. घरची माणसं दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला जाणारी. बाप बाजाराच्या दिवशी कॉलेजात आला, खुर्चीवर बसायला तयार होईना, भिंतीला टेकून उभाच राहिला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एवढंच विचारलं, “सर, पोरले पैसा भेटतीन का आपलेच देना पडतीन?”

मी त्याच्यासमोरच अकॅडमीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिकडचा माणूस गोड बोलत होता. राहण्याचे पैसे नाहीत म्हणाला; मग डाएटचे आहेत म्हणाला; मग किटचे, मग मॅटच्या देखभालीचे. दर महिन्याचा आकडा सांगितला तेव्हा बाप पहिल्यांदा हसला. “मंग ते बी कॉलेजच शे ना, सर.”

या प्रश्नावर मी पुष्कळ वाचलंय, चर्चा ऐकल्यात, पण या माणसाइतकं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही. व्यावसायिक होणं म्हणजे खेळाचे पैसे घेणं. जिथे खेळण्यासाठी आपणच पैसे भरतो तिथे अजून आपण शिकणारेच आहोत, मग भिंतीवर कितीही मोठ्या खेळाडूंचे फोटो असोत. तेव्हापासून मी पोरांना पहिला प्रश्न बापाचाच विचारतो. पैसे कुठल्या दिशेने जाणार आहेत?

तो पोरगा थांबला. सुट्टीत शिबिरांना गेला, विद्यापीठाकडून खेळला, पुढे खेळाडूंच्या जागेतून वनरक्षक म्हणून लागला. पण थांबलेल्या सगळ्यांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. त्याच्याच संघातला एक डावा कोपरारक्षक, त्याच्याहून सरस, तोही थांबला. बी.ए. झाला. आज तो नंदुरबारात मोटारसायकलवर पार्सलं पोचवतो. भेटला की वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, “सर, तेव्हा गेलो असतो तर?” यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते शोधायलाही जात नाही. चहा पाजतो.

प्रो कबड्डी 2014 ला सुरू झाली आणि आमच्या पोरांची स्वप्नं बदलली. आधी स्वप्न खाकीचं होतं. आता फोन उघडला की अस्लम इनामदार दिसतो. नगर जिल्ह्यातल्या गावातून आलेला पोरगा, पुणेरी पलटणचा कर्णधार, 2024 च्या मार्चमध्ये ज्याच्या संघाने लीग जिंकली. आपल्यासारखाच दिसतो, आपल्यासारखाच बोलतो, मग आपण का नाही? असं वाटण्यात गैर काहीच नाही. मी फक्त फळ्यावर हिशेब मांडतो. लीगमध्ये बारा संघ. एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे फार तर तीनशे जागा, त्यातही परदेशी खेळाडू आलेच. लिलावातल्या सगळ्यात खालच्या, ड गटाची पायाभूत किंमत नऊ लाख, आणि आमच्या घरांच्या मानाने नऊ लाख म्हणजे डोळे फिरवणारी रक्कम. पण ती एका हंगामाची असते, आणि पुढच्या हंगामात तोच संघ आपल्याला ठेवेल असं कुठे लिहिलेलं नसतं. हे सांगितलं की पोरं मान डोलावतात. पटत नाही, ते दिसतं. अठराव्या वर्षी तीनशे हा आकडा लहान वाटत नाही, आणि तेही मला कळतं.

मॅटबद्दल मात्र त्यांना लगेच पटतं, कारण ते अंगाने कळतं. आमची पोरं मातीवर अनवाणी खेळून मोठी होतात. चढाई करणारा पोरगा मध्यरेषेकडे परतताना पायाची बोटं मातीत रोवतो आणि त्या जोरावर अंग वळवतो. तळवा रुंद, बोटं पसरलेली. त्याला पहिल्यांदा मॅटवर आणला की दोन गोष्टी होतात. बूट घालून त्याची बोटं आखडतात, त्यामुळे वळताना तो अर्धा क्षण उशीर करतो; पकड करणाऱ्याला तेवढा पुरतो. आणि गुडघे व कोपरं सोलून निघतात, कारण मातीवर माणूस घसरतो तिथे मॅटवर तो अडकतो. पहिल्या महिन्यात रात्री वसतिगृहात गेलं तर कबड्डीची पोरं ओळखू येतात, ती पाय लांब करून उताणी झोपलेली असतात. रुंद पावलाला बसणारे बूट आमच्या बाजारात पटकन मिळत नाहीत. मोठ्या मापाचे घेऊन पुढे कापूस कोंबतात. म्हणून बुटांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. मातीवरचा राजा मॅटवर साधा शिपाई होऊ शकतो, आणि हे कॉलेज सोडण्याआधी कळलेलं बरं. मी ट्रायलला जाणाऱ्या पोराला आधी दोन-तीन महिने कुठेतरी मॅटवर खेळून ये म्हणतो. सुट्टीत जा, मित्राकडे राहा. नाव मात्र पटावरून काढू नकोस.

कारण पटावर नाव असणं म्हणजे आमच्याकडे फक्त शिक्षण नव्हे. शहरातल्या पोराने कॉलेज सोडलं तर तो घरी राहतो. आमच्या पोराने सोडलं तर त्याचं आदिवासी वसतिगृह जातं, कारण तिथली खाट कॉलेजच्या प्रवेशावर मिळालेली असते. खाट गेली की तालुक्याच्या गावातलं राहणं गेलं, मैदान गेलं, जेवणाची सोय गेली, शिष्यवृत्ती गेली. मग धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावर परत जायचं आणि एकट्याने धावायचं. खो-खो किंवा कबड्डी एकट्याने कशी खेळणार? आमच्या भागात खेळ आणि कॉलेज एकमेकांचे वैरी आहेत असं मानून चालत नाही. कॉलेजनेच खेळ धरून ठेवलेला असतो, पोरगा वर्गात बसो की न बसो.

कागदाचंही तसंच. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत हे पोरांना पाठ असतं. त्यांना हे माहीत नसतं की त्या जागेसाठी पदाची शैक्षणिक पात्रता माफ होत नाही. तलाठ्याला पदवी लागते, खेळाडूलाही लागते. पोलीस शिपायाला बारावी लागते, खेळाडूलाही लागते. पदक आहे आणि बारावी नाही, अशी पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरात चषक टीव्हीच्या वर मांडलेले असतात आणि पोरगा बाहेरून बारावी देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायला वणवण करत असतो. शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी आधीच करून ठेवावी लागते. स्पर्धा कुठल्या संघटनेची होती, अधिकृत होती का, हे तिथे बघतात. रोख बक्षिसांच्या स्पर्धांचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. आदिवासी पोराला जात वैधताही लागतेच. म्हणून प्रत्येक खेळाडूची एक फाईल कर, असं मी सांगतो. फाईल म्हटलं की पोरांचे चेहरे पडतात.

आणि एक दार तर फक्त विद्यार्थ्यांसाठीच उघडं असतं. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा पंचवीस वर्षांपर्यंतच, आणि तेही पटावर नाव असेल तर. रेल्वेच्या खेळाडू भरतीत त्या स्पर्धेतला पहिल्या तिघांतला क्रमांक धरला जातो. नाशिकची संजीवनी जाधव 2017 साली तैपेईला जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आली. ती ज्या स्पर्धेत धावली तिथे विद्यापीठाच्या नात्याशिवाय उभंच राहता येत नाही. कॉलेज सोडलेल्या पोराला हे पदक कितीही जोरात धावला तरी मिळणार नव्हतं.

आता उलट बाजू. मी पोरांना जा म्हटलंय, आणि ठामपणे म्हटलंय. अक्कलकुवा तालुक्यातला एक मध्यम पल्ल्याचा धावपटू, बापाविना वाढलेला, आई मजुरी करणारी, पाठच्या दोन बहिणी. तो बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता, म्हणजे पटावर होता. वर्गात कुठले विषय चालू आहेत हे त्याला सांगता येत नव्हतं. अग्निवीरची भरती निघाली. कॉलेज सोडून जाऊ का, असं त्याने विचारलं. पहिल्या वर्षी महिन्याला तीस हजार ठरलेले, त्यातले एकवीस हातात. चार वर्षं, पुढे चौघांतला एकच कायम होणार. मी म्हटलं, जा. माझे एक सहकारी चिडले. पदवी पूर्ण करू दे म्हणाले. मी विचारलं, सर, ती पूर्ण करायला तो जगणार कशावर? सैन्यात पगार आहे, जेवण आहे, डॉक्टर आहे आणि मैदान आहे. अविनाश साबळेचं उदाहरण मी त्यांना दिलं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, बारावी करून महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहून आला, आणि त्यानंतर कुठे धावपटू झाला. 2022 ला राष्ट्रकुलमध्ये स्टीपलचेजचं रौप्य, 2023 ला आशियाई सुवर्ण. त्याने आधी नोकरी धरली, खेळ नोकरीतून वर आला. हा मार्ग आमच्या पोरांच्या घराशी जुळतो. चार वर्षांनंतर माझ्या पोराचं काय होईल, ते मला ठाऊक नाही. पण त्याच्या बहिणी शिकत आहेत.

मुंबईतल्या एका कंपनीच्या संघाने आमच्या एका पोराला करारावर घेतलं तेव्हाही मी जा म्हटलं. नोकरी नव्हती, महिन्याचं मानधन होतं. पण पत्र होतं, त्यावर सही-शिक्का होता, दुखापत झाली तर काय याचा एक परिच्छेद होता. तो परिच्छेद मी त्याला तीन वेळा वाचायला लावला. एकेकाळी मुंबईच्या गिरण्या आणि मोठ्या कंपन्या कबड्डीपटूंना कायमची नोकरी द्यायच्या. गावाकडची पोरं त्या आशेवर मुंबई गाठायची. आता कायमच्या जागा आटल्या आहेत, खेळाडूंना नोकरी देणारी एअर इंडियाच 2022 च्या जानेवारीत टाटांकडे गेली. करार मिळतात, आणि करार संपतात. म्हणून त्याला जाण्याआधी मुक्त विद्यापीठात नाव घालायला लावलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नसतं तर महाराष्ट्रातले निम्मे पोलीस आणि खेळाडू बारावीवरच राहिले असते, असं मी गमतीने म्हणतो. फार गंमत नाही त्यात. नव्या शैक्षणिक धोरणात तर पहिलं वर्ष पुरं करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन पुरी केली तर पदविका, आणि मिळवलेली क्रेडिटं खात्यावर जमा राहतात, परत येऊन पुढे जाता येतं. आमच्या प्राध्यापकांनाच यातलं अर्धं अजून नीट कळलेलं नाही, पोरांना कोण सांगणार? मी सांगतो. वर्षाच्या मध्यात पळून जाऊ नकोस, परीक्षा दे आणि मग जा. चार महिन्यांचा फरक असतो, पण एक वर्ष हातात उरतं.

शनिवार-रविवारच्या पैशाच्या कबड्डीबद्दल बोलायला मला आवडत नाही, पण टाळताही येत नाही. गावोगावचे संघ चांगला खेळाडू पैसे देऊन आणतात. एका रात्रीचे जे मिळतात तेवढे मजुरीत आठवड्याला मिळत नाहीत. पोरगा आईच्या हातात पैसे ठेवतो, आईला वाटतं पोरगं कामाला लागलं. तेच व्यावसायिक होणं, कुणी कबूल करो वा न करो. नवापूरकडचा एक उंच पोरगा दोन हिवाळे असा खेळला. कडक जमीन, अपुरा उजेड, वैद्यकीय माणूस नाही. मांडीची पकड सोडवताना गुडघा आतल्या बाजूने वळला आणि त्याने त्याच रात्री दुसरा सामना खेळून पाहिला. लिगामेंट तुटलं होतं. आयोजकांनी त्याच्या रिक्षाचं भाडं दिलं. तो पूर्ण बरा झाला नाही. आता पिकअप चालवतो आणि पंच परीक्षा देऊन पंचगिरी करतो. शिट्टी मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला मी त्या वेळी खेळू नकोस म्हटलं होतं. त्याने विचारलं होतं, मग घरी पैसे तुम्ही देणार का? प्रश्न रास्त होता. कंत्राटी शिक्षकाने काय उत्तर द्यायचं?

एक गोष्ट मात्र मी कुठल्याही पोराला, जा म्हणताना किंवा थांब म्हणताना, न चुकता विचारतो, सिकलसेलचं कार्ड आहे का. एकदा मेच्या महिन्यात पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरचा सराव चालू होता. नंदुरबारच्या मेमध्ये सकाळी आठलाच ऊन चटके देतं. एक पोरगा शेवटच्या फेरीत बसला, मग आडवा झाला. पोटऱ्या दगडासारख्या कडक. मी आधी पाणी मारलं, मग त्याचे ओठ बघितले आणि गाडी बोलावली. दवाखान्यात निघालं की तो सिकलसेलचा वाहक आहे. वाहकाला एरवी काही त्रास नसतो. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जोर लावला तर शरीर दगा देऊ शकतं. तो वाचला, आजही धावतो, फक्त हळूहळू वाढवत आणि पाण्याची बाटली जवळ ठेवून. आमच्या जिल्ह्यात हा रक्ताचा आजार घरोघरी माहीत आहे, तरी मैदानावर कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत 2010 पासून वरच्या श्रेणीच्या कॉलेज खेळाडूंची ही तपासणी करतात. त्यांच्याकडे आफ्रिकी वंशाच्या मुलांत तो आढळतो. तिकडचं कॉलेज हे विचारतं. आमच्या पोरांना नेणाऱ्या अकॅडम्यांपैकी एकीनेही मला हे कधी विचारलं नाही. जो माणूस पोराचं रक्त विचारत नाही, त्याच्या हाती पोरगा सोपवताना माझा हात अडतो.

लांब पल्ल्याचे धावपटू मात्र लवकर गेलेलेच बरे, असं माझं मत होत चाललंय. कविता राऊत हरसूलजवळच्या सावरपाड्याची. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरचं कांस्य, त्या स्पर्धांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. ती घडली नाशिकला. आमच्या अक्राणीचा किसन तडवीही राष्ट्रीय पातळीवर पोचला तो नाशिकला जाऊन. धावायला मोकळा रस्ता लागतो, तो आमच्याकडे आहे. पण सोबत धावणारे दहाजण आणि रोज घड्याळ लावणारा एक माणूस लागतो, तो नाही. नाशिकला कॉलेजही आहे आणि तो माणूसही आहे. तिथे जायचं म्हणजे कॉलेज सोडायचं नसतं, कॉलेज बदलायचं असतं. बदलीचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, नवा प्रवेश, वसतिगृहाचा नवा अर्ज. किचकट आहे, पण जमतं.

मुलींचं वेगळंच आहे. गेल्या वर्षी आमच्या कबड्डी संघातल्या एका मुलीने मला सुनावलं. “सर, तुम्ही पोरांशी तासभर बोलता, जा, नको जाऊ. आम्हाला मात्र सरळ थांबा म्हणता.” तिचं खरं होतं. मी तिला लीगचं सांगितलं. मुलींची कबड्डी लीग 2016 ला आली, तीन संघ, एकच हंगाम, आणि बंद. खो-खोची लीग 2022 ला सुरू झाली, तीही पोरांचीच. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. पण विश्वचषक जिंकल्यावर रोज खेळून पैसे मिळतील अशी जागा कुठे आहे? तुला सोडून जायला काही ठेवलेलंच नाही, म्हणून थांब म्हणतो.

ती म्हणाली, जायला जागा नाही म्हणून थांबायचं, आणि थांबलं की घरचे लग्न लावायचे. तुम्हाला माहीत आहे ना सर?

मला माहीत होतं. आमच्याकडे मुलीचं कॉलेज सुटलं की पुढचे सहा महिने सोयरिकीचे असतात. संघात नाव आहे, स्पर्धा आहेत, विद्यापीठाचं पत्र आलंय, एवढ्या कारणावर मुली एकेक वर्ष पुढे ढकलत नेतात. मी तिच्या घरी गेलो होतो. आई मक्याच्या भाकरी थापत होती, बाप विद्यापीठाच्या पत्रावरचा शिक्का बोटाने चाचपून बघत होता. पत्र नुसतं बोलावण्याचं होतं, पण त्याने ते पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि त्या हिवाळ्यात लग्नाचा विषय निघाला नाही.

ती आता एस.वाय.ला आहे. पोलीस भरतीसाठी आठशे मीटर रोज पळते, गोळा फेकते, संध्याकाळी कबड्डीला येते. मुक्त विद्यापीठाची माहितीही तिने काढून ठेवली आहे, लागलीच तर पदवी तिकडून करायची म्हणून. परवा मी विचारलं, आधी भरतीचं पत्र आलं तर विद्यापीठाचा संघ सोडशील का? ती म्हणाली, “सर, ज्या पत्रावर पगार लिहिलाय त्याच्याकडे जाईन. कबड्डी पोलिसांतही आहे.”